थर्मासचं झाकण

आमच्या डोंगर-क्लबात कच्चा सभासद थर्मासच्या झाकणातून चहा पितो. मी दोन वर्षं प्यायले.

झाकण निळ्या प्लॅस्टिकचं आहे. त्याचा कान मोडलाय आणि त्याला चहापेक्षा आपल्या आधी पिऊन गेलेल्यांचा वास जास्त येतो. कच्चे तीन-चार असले तरी झाकण एकच, त्यामुळे रांग लागते. मागचा माणूस आपल्या घशाकडे बघत उभा असतो, म्हणून चहा कितीही पोळला तरी घाईनेच गिळावा लागतो. पक्क्या सभासदांचे मात्र पितळी पेले असतात, आतून कल्हई केलेले. क्लबाच्या खोलीत ते भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असतात आणि निघताना जो तो आपापला पेला काढून पिशवीत टाकतो. भांड्यांच्या दुकानातून त्यावर नाव घालून घेतलेलं असतं. माणसाचं नाही, डोंगराचं. ज्या डोंगरावर तुम्ही म्होरक्या होऊन सगळ्यांना नेलं, तो डोंगर तुमच्या पेल्यावर.

मला तो पेला हवा होता. किती हवा होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मी कुणालाच काही सांगत नाही. आईच्या मते हाच माझा आजार आहे आणि क्लब हे त्यावरचं औषध.

औषध दिलं अक्कांनी. अक्का मूळच्या सावद्याच्या. जळगावात मराठीच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या, आणि आई त्यांच्या वर्गात होती. भाजीबाजारात दोघींची गाठ पडली तेव्हा मी आईच्या मागे पिशवी धरून उभी होते. अक्कांनी विचारलं, "ही काय करते?" आई म्हणाली, "केळीच्या खोक्यांवरची आणि बियाण्याच्या पाकिटांवरची चित्रं काढते. कानात हेडफोन घालून बसते दिवसभर. बोलत नाही." अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाय आहेत ना?" आई म्हणाली, "आहेत." "मग रविवारी पाठव." मला कुणी काहीच विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी उत्तर द्यायला मला सोमवार उजाडला असता.

क्लबाची खोली भाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानावर आहे. भाऊ म्हणजे आमचे व्यवस्थापक: जीप ठरवणं, वनखात्याची परवानगी काढणं, भांडणं मिटवणं, सगळं त्यांच्याकडे. क्लब किती जुना आहे याबद्दल दोन मतं आहेत, एक नानांचं आणि एक अक्कांचं. दोन्हींत बरंच अंतर आहे, पण भाऊ जन्मायच्या आधीचा आहे यावर दोघांचं एकमत होतं. नाना धुळ्याकडचे. त्यांनी आयुष्यभर स्टँडवर उभं राहून एसटीच्या गाड्या लावल्या. मायक्रोफोन बंद पडला तरी अडचण होत नसे म्हणतात. क्लबाचे सगळे नियम नानांचे. ते कुठेही लिहिलेले नाहीत, त्यामुळे त्यात कुणालाच चूक काढता येत नाही.

पहिला नियम बडगीचा. बडगी म्हणजे एका लाकडाच्या ओंडक्यातून कोरून काढलेलं खोल भांडं. आमच्याकडे भरताची भाजलेली वांगी त्यातच कुटतात. क्लबाची बडगी चांगल्या बाळसेदार पोरासारखी जड आहे आणि ती प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर गेलीच पाहिजे. रानात जाळ करायला मनाई असते, म्हणून वांगी पायथ्याला कुणाच्या तरी शेताच्या बांधावर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून घेतात. मग तिथेच कुटून डब्यात का भरत नाहीत? हा प्रश्न मी मनात विचारला. एका नव्या सभासदाने तोंडाने विचारला, तर नाना म्हणाले, "भरीत वर कुटानं ऱ्हास."  बडगी गोणपाटात बांधून भाऊ पाठीवर घेतात आणि रांगेच्या बरोबर मधे चालतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एका माणसाला कुबड आहे आणि बाकीचे त्याला घेऊन नवसाला निघाले आहेत.

दुसरा नियम हाळीचा. वाटेला वळण आलं की म्होरक्याने थांबायचं आणि मागे हाळी द्यायची: "बठ्ठा शेतस काऽऽ?" सगळे आहेत का, असं. रांगेतल्या शेवटच्या माणसाने, म्हणजे शेपटाने, ओरडून उत्तर द्यायचं: "शेऽऽ!" आहे. ते ऐकू आल्याशिवाय म्होरक्याने पाऊल उचलायचं नाही. आणि काहीही झालं तरी म्होरक्याने तोंड, म्हणजे रांगेतली पहिली जागा, सोडून मागे यायचं नाही. तोंड सोडलं की चढाई फुकट.

या नियमामागे एक गोष्ट आहे, ती प्रत्येक नव्या माणसाला जीपमध्ये ऐकवतात. फार पूर्वी एक जण सातपुड्यात पायातला काटा काढायला बसला. रांग पुढे निघून गेली. बुटाची नाडी बांधून तो उठला तर डोंगरावर तो एकटाच. तो भलत्याच बाजूने उतरला, केळीच्या गाडीवर बसला आणि थेट सावद्याला पोहोचला. इकडे बाकीचे अंधार पडेपर्यंत दऱ्या धुंडाळत होते. गोष्ट नाना सांगतात. तो माणूस कोण, ते सांगत नाहीत. अक्का त्या वेळी खिडकीबाहेर बघतात.

माझी पहिली चढाई लळिंगच्या किल्ल्याची होती. नव्या माणसाला वाट माहीत नसते, म्हणून त्याला शेपूट करतात. नाना सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. पहिल्या वळणावर हाळी आली. सगळे उत्तरासाठी थांबले. मला उत्तर माहीत होतं. पण घरी आम्ही पुस्तकी मराठी बोलतो आणि शाळा इंग्रजी. खानदेशी मला समजते, पण तोंडातून निघत नाही. 'शे' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "प्रेझेंट."

शाळेतही हेच व्हायचं. हजेरीच्या वेळी मी "प्रेझेंट, मिस" म्हणायचे आणि मिसना ते ऐकू जायचं नाही. पहिल्या बाकावर बसून मी इतक्या वेळा गैरहजर राहिले की शेवटी बाबांना बोलावून विचारलं, मुलीला काही दुखणं आहे का. बाबांनी कामावर सुटी टाकली आणि मी रोज शाळेत येते हे सांगायला ते शाळेत आले. मी तिथेच उभी होते.

लळिंगवर नानांनी पुन्हा हाळी दिली. मी पुन्हा म्हटलं. माझ्यापुढे चालणाऱ्या अक्का वळल्या.

"काय म्हटलं वं?"

"प्रेझेंट."

"मोठ्यानं म्हण."

"मोठ्यानेच म्हटलं."

खालच्या हायवेवरून मालट्रक जात होते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. नाना तिसऱ्यांदा ओरडले आणि मग शोधमोहीम सुरू झाली. म्होरक्याने मागे यायचं नसतं, पण ते नाना होते. सगळी रांग उलटी फिरून खाली उतरली. कुणी झुडपात डोकावलं, कुणी कड्याच्या कडेला जाऊन पाहिलं. मी वाटेच्या मधोमध उभी होते.

नाना माझ्यासमोर येऊन थांबले. "तू आठेच शे?"

"हो."

"मंग बोलत काबर नई?"

"बोलले."

"माले ऐकू उनं नई."

"बोलली ती," अक्का म्हणाल्या.

"तुमले ऐकू उनं, माले नई. म्होरक्या मी शे."

त्या दिवशी वर मला झाकणात चहा मिळाला. रांगेत माझ्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही खरंच बोलला होता?" तो पुढे वर्षभरात पक्का झाला. माझ्यानंतर आलेले आणखी दोघं पक्के झाले. ते पेला हातात घेऊन मला म्हणायचे, "होईल हो तुमचंही." तोवर माझा चहा निवलेला असायचा.

माझ्या आवाजावर क्लबाने बरेच उपाय केले. भाऊंनी दुकानातून पंचाची शिट्टी आणून माझ्या गळ्यात घातली. नानांनी ती काढून घेतली. म्हणाले, "शिट्टी कोनी बी वाजाडस. शिट्टी वाजी म्हंजे शिट्टी शे. मानूस शे का नई, काय माहीत?" मग भाऊंनी मधल्या माणसांनी उत्तर पुढे पोचवायची टूम काढली. मी 'शे' म्हणायचं, पुढच्याने पुढे सांगायचं, असं करत नानांपर्यंत. ही टूम नानांना कळेपर्यंत चालली. "उद्या म्हनशान, ती घरी शे आनि उत्तर मोबाइलवर देस," ते म्हणाले.

या सगळ्यात मी लोकांकडे बघत होते. न बोलणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो. नाना जीपमध्ये नेहमी डाव्या खिडकीपाशीच बसतात. क्लबाच्या खोलीत बोलायला लागले की थांबत नाहीत, दुसऱ्याला बोलायला फटच ठेवत नाहीत. आणि ते म्होरके असताना मागून "शेऽऽ" आलं की अक्का मधूनच हात वर करतात, ट्रॅफिक पोलिसासारखा. मला वाटायचं अक्कांना शाळेतल्या बाईपणाची सवय आहे.

या हिवाळ्यात भाऊंनी खोलीत विषय काढला, "हिला यंदा तोंड द्यायचं का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "आवाज शे का तिले?"

"आवाज आहे तिले," अक्का म्हणाल्या. "ज्याचे त्यानं कान पाहा."

डोंगर ठरला सावद्याच्या उत्तरेला, सातपुड्यातला. पायथ्याच्या पाड्यावरचे लोक त्याला बोडका म्हणतात, कारण माथ्यावर एक झाड नाही. बाकीच्यांच्या पेल्यांवर किल्ल्यांची आणि देवींची नावं आहेत. माझ्या पेल्यावर बोडका येणार होता. मला चालणार होतं.

मी सराव सुरू केला. घरात ओरडणं शक्य नव्हतं, कारण आई लगेच खोलीत आली असती. मोकळी जागा एकच होती, हेल्मेटच्या आत. ऑफिसला जाताना स्कूटरवर काच खाली ओढायची आणि ओरडायचं. पहिल्या आठवड्यात मलाही नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात काचेवर वाफ धरायला लागली. एकदा सिग्नलला गाडी बंद केली आणि तोंड बंद करायचं राहिलं. "बठ्ठा शेतस काऽऽ?" असं सगळ्या चौकात गेलं. शेजारच्या रिक्षावाल्याने पान थुंकलं आणि म्हणाला, "शेतस, शेतस! हिरवा व्हयना, तू चाल पुढे!" मी दिवसभर ऑफिसात लाल होते. पण मनात हेही चाललं होतं, की त्याला ऐकू गेलं.

ठरलेल्या रविवारी पायथ्याच्या एका कपाशीच्या शेतात वांगी भाजली. बडगी भाऊंच्या पाठीवर चढली. नानांनी जाहीर केलं, "शेपूट मी." नव्या म्होरक्याची परीक्षा तेच घेतात. त्यांना उत्तर द्यायला लावणं हीच परीक्षा.

मी पुढे निघाले. पुढे चालणं मला अजिबात आवडलं नाही. मागे असलं की माणसं दिसतात, पुढे असलं की फक्त आपण त्यांना दिसतो. पहिलं वळण आलं. मी थांबले, मागे वळले, बारा-पंधरा चेहरे माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळे मिटले, हेल्मेट घातलंय असं समजले आणि हाळी दिली. आवाज आपला नसल्यासारखा वाटला. मागून नानांचं खणखणीत उत्तर आलं, "शेऽऽ!" अक्कांनी मान डोलावली. दुसऱ्या वळणावरही तसंच झालं. मला पेल्याची कडी बोटात जाणवायला लागली.

तिसऱ्या वळणावर मी थांबले, श्वास घेतला, तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आधीच मागून आलं, "शेऽऽ!"

सगळे हसले. भाऊ म्हणाले, "नानांना भरताची घाई दिसते."

मी हसले नाही. चौथ्या वळणावर मी नुसतीच थांबले. तोंड उघडलंच नाही. माझ्यामागे रांग थांबली, भाऊ थांबले, भाऊंच्या पाठीवरची बडगी थांबली. नाना खाली बरेच मागे होते. त्यांची नजर बडगीवर होती. बडगी हलायची थांबली, त्यांनी क्षणभर दम घेतला आणि ओरडले, "शेऽऽ!"

जीपची डावी खिडकी, अक्कांचा ट्रॅफिक पोलिसासारखा हात, न थांबता बोलणं, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी भुवई वर केली आणि पुन्हा खाली ठेवली. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि आता मलाही आहे हे त्यांना कळलं होतं. मी रीतसर हाळी दिली. तिला उत्तर आलं नाही, पण ते आधीच येऊन गेलेलं असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे वाट एका सोंडेला वळसा घालून पलीकडे जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. रांग एकेक करून वळसा घालून पलीकडे आली. भाऊ आले, म्हणजे बडगी आली. नाना अलीकडेच राहिले. मी थांबले तेव्हा त्यांना बडगी दिसणार नाही हे मला कळलं, पण थांबणं नियमात होतं. मी हाळी दिली.

काही आलं नाही.

पुन्हा दिली.

"अजून मोठ्याने," भाऊ म्हणाले.

मी पोटातून ओरडले. खालच्या दरीतून कुणीतरी "होऽऽ?" केलं. तो आवाज नानांचा नव्हता. मी आणखी एकदा ओरडले आणि त्यानंतर "नानाऽऽ" म्हणून ओरडले. त्या क्षणी मला त्या गोष्टीतला काट्याचा माणूस आठवला आणि उतार आठवला. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याला खाली दगड सुटल्याचंही ऐकू येणार नाही, हेही आठवलं. मी रांगेच्या कडेकडेने मागे पळत सुटले.

"तोंड सोडू नको!" भाऊ ओरडले. "फुकट जाईल! दोन वर्षं थांबलीस ना!"

"जा वं तू," अक्का म्हणाल्या.

सोंडेच्या अलीकडे नाना एका दगडावर बसले होते. एक बूट काढलेला होता आणि ते चष्मा लावून तळपाय बघत होते. माझी सावली पायावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"तू आठे कशी?" ते म्हणाले. "तोंड सोडं तू?"

"हाळी दिली. तुम्ही उत्तर दिलं नाही."

"हळू दिधी व्हई."

मी त्यांच्या पायाशी बसून काटा शोधायला घेतला. तो निघायला बराच वेळ गेला, तोवर खालच्या वाटेने धापा टाकत तीन माणसं वर आली, दोन पुरुष आणि एक बाई. पुरुषांच्या खांद्यावर बाज होती आणि बाईच्या हातात दोर. तिघंही पार खालच्या पाड्यावरची होती. वर येताना मी तो पाडा पाहिला होता, काडेपेट्यांएवढी घरं.

"कोन पडनं?" पुढच्याने विचारलं.

"कोनी नई," नाना म्हणाले.

"मंग बोंब कोनी मारी? आम्ही नाल्यावर व्हतूत. बाज लिसन पयत उनूत."

 मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

बाईने दोर खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवले. "तू? येवढीशी? नाल्यावर बकऱ्या बुजन्यात ना माय!"

कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नाही.

एव्हाना सगळी रांग वळसा घालून मागे आली होती. अक्कांनी नानांच्या हातातला बूट पाहिला. "पुन्हा काटा?" त्या म्हणाल्या. "या वेळी खाली केळीची गाडी नाही उभी. आणि आमच्या ओसरीवर चहा करून द्यायला आमची आईही नाही आता."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. जीपमधल्या गोष्टीतल्या त्या माणसाला आज पहिल्यांदा चेहरा मिळाला होता. नानांनी बूट उगाच झटकला. पण त्यांचं लक्ष अक्कांकडे नव्हतं. ते बाजेकडे बघत होते. बाजेकडे, मग खाली पाड्याकडे, मग माझ्याकडे. माझी हाळी पाड्यापर्यंत गेली होती. ते सोंडेच्या या बाजूला, दगडावर बसले होते.

"मग नाना," भाऊ अवघडून म्हणाले, "नियमाने काय म्हणायचं?"

नाना गप्प होते. नाना गप्प असल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते बघवलं नाही.

"वारा उलटा होता," मी म्हटलं.

हे बोलताना मला माहीत होतं की मी पेला घालवते आहे. वाऱ्याने का होईना, हाळी पोचली नाही आणि म्होरकीने तोंड सोडलं, म्हणजे चढाई फुकट, पुढच्या हिवाळ्यापर्यंत झाकण. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग कडेच्या वाळक्या गवताकडे पाहिलं. एक पातं हलत नव्हतं.

"चाला," एवढंच म्हणून त्यांनी बूट चढवला.

बाजवाले वरपर्यंत आमच्याबरोबर आले. एवढं चढलोच आहोत तर भरीत खाऊन जातो, म्हणाले. त्यांनी बाज वाटेत कातळाला टेकवून ठेवली. माथ्यावर भाऊंनी बडगी उतरवली, तेव्हा तिघांनी तिच्याभोवती फिरून ती नीट पाहिली.

"हे लाकूड खालून आनं?" बाईने विचारलं.

"जळगावहून," भाऊ अभिमानाने म्हणाले.

"काबर?"

भाऊंनी नानांकडे पाहिलं. नानांनी ऐकलं नाही, किंवा न ऐकल्यासारखं केलं. आता त्यातलं काय खरं हे मला सांगता येत नव्हतं.

वांगी कुटून झाली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात पडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी निघाल्या. मग थर्मास उघडला आणि पिशव्यांतून पेले बाहेर आले. मी सवयीने झाकणासाठी हात पुढे केला.

झाकण नानांच्या हातात होतं.

"नाना, ते कच्च्यांचं आहे," भाऊ म्हणाले.

"माले माहीत शे." नानांनी झाकणात चहा ओतून घेतला. "हाळीले उत्तर नई दे तो कच्चा. नियम मनाच शे." मग त्यांनी आपला पेला माझ्यापुढे धरला. त्यावरचं डोंगराचं नाव झिजून गेलं होतं, नुसते ओरखडे उरले होते. "आज ह्यामा पी. तुना उना का मना परत दे."

"पण हिने तोंड सोडलं ना," मागून कुणीतरी म्हणालं. गेल्या वर्षी पक्का झालेला असणार.

"तोंड सोडं नई तिनी," नाना म्हणाले. "शेपूट हरपनं व्हतं. ते लेवाले गयी."

असा नियम नव्हता. पण लिहिलेलं काहीच नसल्यामुळे तो तेव्हापासून आहे.

त्यांनी झाकणातून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. झाकण नाकाशी नेऊन हुंगलं.

"ह्याले काय वास येस!" ते ओरडले. "इतला दिन तुम्ही ह्यामा पेतस? कोनी सांगं नई ते!"

"सांगितलं," अक्का म्हणाल्या. "खूपदा."

पेल्यातला चहा फार पोळतो, हे मला तेव्हा कळलं. पितळ कडीसकट तापतं, बोटं भाजतात. झाकणाचं एक बरं होतं, ते भाजत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत पेला धरून बोटं बदलत प्यायले, सावकाश. माझ्यामागे कुणी उभं नव्हतं.

उतरताना नाना आपणहून मधे चालले, अक्कांच्या शेजारी. दोघं सगळी वाट भांडत होते आणि त्या सगळी वाट त्यांच्या उजव्या बाजूने चालत होत्या.

संक्रांत होऊन गेल्यावर नानांनी कानाचं मशीन घेतलं. धुळ्याला मुलाने दाखवलं, असं ते म्हणतात. अक्का म्हणतात, मी धरून नेलं. मशीन घालून ते पहिल्यांदा खोलीत आले तेव्हा पंख्याचा आवाज ऐकून म्हणाले, हा कधीपासून असा खडखडतो? मग बराच वेळ काही न बोलता सगळ्यांचं ऐकत बसले. भाऊ इतके घाबरले की त्यांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

माझा पेला भांड्यांच्या दुकानातून आला. 'बोडका' असं घातलंय, आणि 'का' थोडा वाकडा आलाय. नानांचा पेला मी कल्हई करून परत दिला, पण तो अजून खिळ्यावरच आहे. कच्चा माणूस पुन्हा म्होरक्या होऊन चढल्याशिवाय पेला घेत नाही, हा त्यांचा नवा नियम. त्यांची पाळी पावसाळ्यानंतर येणार. तोवर ते नव्या पोरांच्या रांगेत उभे राहून झाकणातून चहा पितात आणि पुढच्याला म्हणतात, "लवकर पे ना रे."

परवा आम्ही लळिंगला होतो. मी तोंडाला होते. नाना माझ्या अगदी मागे, बडगीचं मुसळ खांद्यावर घेऊन, भाऊंनी जीप चुकीच्या जागी लावली यावर बोलत येत होते. वळण आलं. मी थांबले, वळले आणि हायवेवरच्या ट्रकांच्या वर जाईल अशी हाळी दिली.

नानांनी मुसळ खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

"हळू बोल ना माय!" ते म्हणाले. "मी बहिरा शे का?"

आणि खालून, रांगेच्या टोकावरून, गेल्याच महिन्यात आलेल्या एका मुलीने काहीतरी उत्तर दिलं. ते इतकं बारीक होतं की कुणालाच ऐकू आलं नाही. मला आलं. मी हात वर केला आणि पुढे निघाले.